पालथा डोंगा

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र कुठला असायला? पण धरण बांधताना दगडाच्या गाड्यांसाठी जो उतार केला होता, त्यावर भोयांनी आपले डोंगे लावायला सुरुवात केली आणि बघता बघता त्या उताराचं नाव बंदर पडलं. आता एसटीचा कंडक्टरसुद्धा "चला, बंदरवाले उतरा" अशीच हाक देतो. उजाडता उजाडता डोंगे काठाला लागतात, कतला आणि रोहू काट्यावर चढतात, धनसिंग आपली गाडी उलटी लावून बर्फ फोडायला घेतो, आणि वरच्या अंगाला बाया पावशी पायाखाली धरून मासे चिरायला बसतात. कुत्री, घारी, शिव्या, हसणं सगळं एकदमच चालतं. ऊन चढेस्तोवर सारं आटोपतं आणि बंदरावर नुसता वास राहतो.

त्या साली कार्तिक संपला, गिऱ्हाइकांचे उपास-तापास सुटले, माशाला भाव चढला, तरी त्या गर्दीत एक डोंगा पालथाच पडून होता. तो नागोरावचा.

"मामी, आजबी पालथाच का?" धनसिंगनं बर्फाची लादी उतरवता उतरवता मैनाबाईला विचारलं.

मैनाबाईनं मान वर केली नाही. हातातल्या मरळीला राख चोळत म्हणाली, "दिसते ना तुले. मंग इचारतं काहून?"

"नाई, बर्फ किती आनू ते समजत नाई म्हून इचारलं."

"माया वाट्याचा बर्फ तुया डोक्यावर ठेव. थंड राह्यशीन."

बाया हसल्या. मैनाबाई हसली नाही. पूर्वी ती स्वतःच्या बोलण्यावर सगळ्यात आधी हसायची.

मैनाबाई या बंदरावर लग्न होऊन आली तेव्हा धरणाची भिंत नवी होती. नवऱ्याचा, नागोरावचा डोंगा आणि तिची पावशी, यांच्यावर घर उभं राहिलं. पावशीला हात लावण्याआधी ओंजळभर पाणी पाण्यातल्या देवींच्या, सातीआसरांच्या नावानं सोडायचं, हा तिचा नेम कधी चुकला नाही. तापात असली तरी शेजारणीला सांगून सोडवून घ्यायची. एकच मुलगा, पियुष, तो पुण्याला कंपनीत. सून उर्वशी, तिला दिवस गेलेले. पियुष दर फोनला म्हणायचा की तुम्ही दोघं इकडेच या. त्यावर नागोराव म्हणायचा, "माशाले पान्याभाईर काढते आन् म्हंते, इथी फ्लॅट हाये, आराम कर."

तर तो डोंगा पालथा का, ते सांगायला हवं.

धरणात माणूस बुडलं की तालुक्याहून पथक येईस्तोवर दिवस मावळायला येतो, म्हणून पोलीस पाटील आधी नागोरावच्या दारात येऊन उभा राहतो. नागोराव नाही म्हणत नाही. त्याचा बापही म्हणत नव्हता. आणि त्या बापापासून बंदरावर एक रीत आहे. ज्या डोंग्यातून मेलेलं माणूस काठाला आलं, तो डोंगा तिथेच पालथा घालायचा. ज्याचं माणूस त्यानं यायचं, पाण्याला नारळ द्यायचा, डोंग्याच्या पाठीवरून हळदीचा हात फिरवायचा आणि आपल्या हातानं तो उताणा करायचा. मग डोंगा पुन्हा पाण्याचा. तोवर तो मेलेल्याचा. तोवर त्याच्या धन्यानं जाळ्याला हात लावायचा नाही, स्वतःच्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. निरोप तेवढा द्यायचा. आपण होऊन मागायला जायचं नाही.

आणि लोक यायचे, हो. एकदा वणीकडची एक म्हातारी आली होती, नातू गेलेला तिचा. काठी टेकत टेकत उतार उतरली. तिच्यानं डोंगा कुठला हलायला? सोबत आलेल्या भाऊबंदांनी उचलला, तिनं नुसती बोटं टेकवली. मग मैनाबाईच्या घरी कोरा चहा प्याली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेली. कोणी दहाव्याला यायचं, कोणी तेराव्याला. कोणी रडायचं, कोणी अवाक्षर बोलायचं नाही. पण यायचे.

त्या साली भाऊबीज झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच पोलीस पाटील दारात आला. राळेगावकडची एक मुलगी, प्रेरणा नाव, शिकायला यवतमाळला असायची. तिच्या चपला काठावर सापडल्या. पाय घसरला म्हणावं तर चपला जोडीनं ठेवलेल्या, आणि दुसरं काही म्हणावं तर ते देव जाणे आणि ती जाणे. आपण त्यात बोट घालू नये.

नागोरावनं तिला दुपारच्या आत काठाला आणलं. पोलिसांतली बाई अजून पोचायची होती. पुरुष माणसं पाठ फिरवून उभी राहिली. मैनाबाई पुढे झाली. तिनं आपल्या पदरानं त्या पोरीच्या तोंडावरचा गाळ पुसला, केसांतलं शेवाळ एकेक करून सोडवलं, डोळे मिटले. मग गाडीतून बाप आला, बबनराव, सोबत भाऊबंद. त्यांनी पोरीला नेलं. पोलीस पाटलानं रीतीचा निरोप त्यांच्या कानावर घातला. नागोरावनं डोंगा पालथा घातला.

दहावा दिवस गेला. तेरावाही गेला. कोणी आलं नाही.

नागोराव रोज सकाळी उठून बंदरावर जायचा, डोंग्याजवळ बसायचा. जाळ्याला हात लावायचा नाही म्हणून हाताला काम नाही. विड्या ओढायचा. ऊन चढलं की उठून घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून निजायचा. आधी दोन शब्द बोलायचा, मग एक, मग तोही नाही. मैनाबाई चिराईच्या मजुरीवर चूल पेटवत होती. चूल पेटायची हो, पण समोर जेवायला बसलेला माणूस ताटातल्या भाकरीकडे कोणा दुसऱ्याच्या ताटाकडे पाहावं तसा पाहायचा.

त्यात मच्छीमार संस्थेचा ठराव. संक्रांतीपर्यंत ज्याचा डोंगा पाण्यात नाही, त्याची जागा दुसऱ्याला. बाहेर जागा मागणाऱ्यांची रांग लागलेली. अध्यक्ष स्वतः येऊन सांगून गेला, "नागोदादा, रीतभात आमालेबी कळते. पन ठराव झालेला हाये बाप्पा. मी एकटा काय करू?" नागोरावनं फक्त मान हलवली. साऱ्या जन्मात त्याला पाण्याशिवाय काही येत नव्हतं. ती जागा गेली तर या माणसाला कुठे ठेवायचं, हा एकच विचार मैनाबाईच्या डोक्यात पावशीखाली, चुलीपुढे, देवापुढे चालू असायचा.

शेजारची नलू तोंडानं फटकळ. एक दिवस चिरता चिरता म्हणाली, "वयनी, गरिबाचं मानूस काढलं असतं तं दुसऱ्याच दिवशी आले असते पाय धराले. तुमी काढली वाड्यातली पोरगी. आता बसा वाट पाहत."

"तू गप बस वं."

"गप काहून बसू? सकायी कोनी नसते तवा उताना करून टाका. कोन पाह्यते?"

"पानी पाह्यते ना."

"पान्याले तुमचा ठराव मालूम हाये का?"

मैनाबाईनं पुढची रोहू ओढली आणि खवले असे काढले की ते नलूच्या अंगावर उडाले.

चतुर्थी आली. मैनाबाई नवऱ्याला म्हणाली, "मी कळंबले जाऊन येते, चिंतामणीच्या दर्शनाले." खोटं नव्हतं ते. तिनं दर्शन घेतलं, दूर्वा वाहिल्या, पण मागणं मागायला तोंड उघडलं तेव्हा शब्दच सुचेनात. कोणाचं काय मागायचं? तशीच बाहेर आली आणि घरच्या गाडीऐवजी राळेगावच्या गाडीत बसली. मागायला जायचं नाही ही रीत तिला माहीत होती. पण घरात भिंतीकडे तोंड करून निजलेला माणूस तिचा होता, रीतीचा नव्हता.

बबनरावचं घर विचारत विचारत सापडलं. ओसरीत कापसाचा ढीग, छतापर्यंत. त्याच्यापुढे बबनराव खुर्चीत बसलेला. त्या दिवशी काठावर पाहिला होता त्यापेक्षा पार सुकून गेलेला.

"कोन पाह्यजे?"

"मी बंदरावरची, भाऊ. नागोरावची घरची."

त्याचा चेहरा उतरला. रस्त्याकडे एक नजर टाकून तो घाईनं उठला आणि तिला कापसाच्या ढिगाआड घेतलं. "चुकलंच आमचं. त्या दिवशी गडबडीत ध्यानात राह्यलं नाई," म्हणत त्यानं खिशातून नोटा काढल्या आणि तिच्या हातात कोंबायला लागला.

मैनाबाईनं हात मागे घेतले. "नाई भाऊ, पैशाले नाई आली मी."

"कमी हायेत का?"

"पैशाचं नाईच हो ते!" तिचा आवाज नको तितका वर गेला. मग तो खाली आणून तिनं सगळं सांगितलं. पालथा डोंगा, हळदीचा हात, नारळ. "एक डाव या. हात लावा न् निंगून जा. कोनी काई इचारनार नाई तुमाले."

बबनराव ऐकत होता, पण त्याच्या कानात ते शिरत नव्हतं असं तिला दिसलं. त्यानं नोटांत अजून नोटा घातल्या आणि तिच्या हातात कोंबल्याच. "तो डोंगा नको असन तं दुसरा घ्या ना. नवा घ्या."

"डोंगा चांगला हाये, भाऊ."

"मंग?"

काय सांगावं? जो डोंगा विकत घेता येतो, त्याच्यासाठी कोणी इतक्या लांब येत नाही, हे या माणसाला कसं कळावं?

तो कापसाला टेकून खाली बसला आणि हळू बोलायला लागला. "बाई, गावात आमी सांगतलं, पोरगी तापानं गेली. यवतमायच्या दवाखान्यात. धाकटीची बोलनी चालू हायेत. मी तुमच्या काठावर नारय फोडला, तं संध्याकायच्या आत चारी गावाले मालूम होईन. एक तं गेली. दुसरीलेबी घरात बसवू का?" मग डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "तुमी जा. पाया पडतो."

मैनाबाईनं हातातल्या नोटा कापसावर ठेवल्या. शिव्या द्यायच्या तयारीनं आली असती तरी त्या वेळी निघाल्या नसत्या. ती मुकाट्यानं मागच्या दारानं बाहेर पडली.

गोठ्याजवळ एक बाई पाण्याचा गडवा घेऊन उभी होती. घरची मालकीण, विमलताई. दाराआडून तिनं सगळं ऐकलेलं असावं. "घोटभर पानी तं घेऊन जा," म्हणाली. मैनाबाई प्याली. गडवा परत देताना विमलताईनं तो धरला, पण ओढून घेतला नाही.

"तुमीच होत्या का तिथी? तिच्यापाशी?"

"हो, माय."

"तिचे डोये..." विमलताईनं दाराकडे एकदा पाहिलं. मग तिनं पुन्हा विचारलं, "उघडे होते का डोये?"

खोटं बोलावं का? पण आईशी कोणत्या तोंडानं खोटं बोलायचं? "उघडे होते. मी मिटले."

"कोन्या हातानं?"

मैनाबाईनं उजवा हात पुढे केला. राखेनं आणि खवल्यांनी चरे पडलेला, माशाचा वास कधी न जाणारा हात. विमलताईनं तो दोन्ही हातांत धरला आणि आपल्या मिटलेल्या डोळ्यांवर दाबून धरला. किती वेळ, ते दोघींनाही कळलं नाही. मग आतून हाक आली, "विमल!" तिनं हात सोडला, गडवा उचलला आणि मागे न पाहता आत गेली. ती तरी बंदरावर येईल का, हे विचारायचं राहूनच गेलं. विचारून तरी काय होणार होतं?

घरी आल्यावर मैनाबाईनं नवऱ्यापासून काही लपवलं नाही. कितीतरी दिवसांनी नागोराव उठून बसला, पण बोलला तो रागानं. "तुले कोनं सांगतलं होतं जायाले? आता त्यायले वाटन, भोई दारात मांगाले आला. माया बापानं कधी कोनाच्या दारात पाय नाई ठेवला."

"तुमच्या बापाची बाई तुमच्यासारका नवरा पाहत बसली नसन," मैनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदर भरात असताना ती खाली उतरली. आंघोळ केलेली, केस ओलेच. हातात नारळ, वाटीत कालवलेली हळद. बायांच्या रांगेवरून ती पुढे गेली तेव्हा नलूची पावशी थांबली.

"वयनी, काय करून राह्यल्या?"

मैनाबाई पालथ्या डोंग्याजवळ जाऊन उभी राहिली. नागोराव तिथे बसलेलाच होता. तो एकदम उठला. "हात नोको लावू. ज्याचं मानूस त्यानंच लावाव लागते."

"मायंच मानूस हाये."

"मैना, डोस्कं फिरलं का तुयं?"

"तिचे डोये कोनं मिटले?" मैनाबाईचा आवाज चढला नाही, पण काट्यावरची माणसंसुद्धा वळून पाहायला लागली. "घरचंच मानूस मिटते ना डोये? मंग मी कोन झाली तिची? परकी?"

काठावरच्या एका म्हाताऱ्या भोयानं तेवढं म्हटलं, "बाई, इचार कर. डोंगा उताना केला का सुतक तुया घरी आलं. पोटच्या पोरीचं असते तेवढं. दहा दिस आन् वरून साल."

नलू धावत आली आणि तिनं मैनाबाईचं मनगट धरलं. नेहमीचा फटकळपणा कुठच्या कुठे गेला होता. "वयनी, पियुषच्या घरी पाचवा लागून राह्यला. सालभर ओटी भरता येत नाई तुमाले. पह्यलं नातवंड हाये. बाळाच्या बारशालेबी हात नाई लावता येत. दुसऱ्याच्या मेलेल्या लेकरासाठी?"

हे मैनाबाईला माहीत नव्हतं असं थोडंच? राळेगावहून येताना सारी वाट तिनं तेच तर मोजलं होतं. सुनेची ओटी तिच्या हातानं भरायची म्हणून तिनं पाच देवींना बोलून ठेवलं होतं. तिचा हात डोंग्याच्या पाठीवर टेकला आणि तिथेच थांबला. धनसिंगसुद्धा बर्फ फोडायचा थांबला होता.

मग तिनं नारळ फोडला, पाण्यात सोडला. हळदीचा हात डोंग्यावरून फिरवला, शेंड्यापासून बुडापर्यंत. "प्रेरणा," तिनं नाव घेतलं, "माय, जाय आता." आणि काठ धरून डोंगा उचलायला लागली.

तिच्या एकटीनं तो उचलणार नव्हता. वीतभर उठायचा, पुन्हा खाली बसायचा. चिखलात तिचे पाय सरकत होते. घरच्या माणसाशिवाय कोणी पुढे होऊ शकत नव्हतं, कारण जो हात लावेल तो सुतकात. भोई उभे राहून पाहत होते. नलू पदर तोंडाला लावून रडत होती.

नागोराव जागचा हलला नव्हता. तिनं तिसऱ्यांदा की चौथ्यांदा काठ उचलला तेव्हा तो पुढे आला. तिच्या बाजूला वाकला आणि त्यानं खांदा लावला. डोंगा उलटला आणि उताण्या पोटानं चिखलात आपटला. आतून वाळलेलं शेवाळ आणि कोळ्यांची जाळी निघाली. नागोराव तिथेच बसला आणि पहिल्यांदा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, ढसाढसा रडला. आता तो त्या पोरीचा बाप होता.

दहा दिवस दोघं घराबाहेर पडली नाहीत. दहाव्याला नागोरावनं काठावर केस उतरवले, मिशीसकट. मिशी गेल्यावर तो ओळखू येईना. संक्रांतीच्या आधी डोंगा पाण्यात उतरला, जागा राहिली. आलेली मासळी वाईट नव्हती, चांगलीही नव्हती. मैनाबाईला मात्र बंदरावर लगेच पूर्वीसारखं बसता येईना. बाया वाईट नव्हत्या, पण संक्रांतीला कोणी तिच्या दारात वाण घेऊन आलं नाही, आणि तिनंही कोणाकडे जाणं बरं नव्हतं. राळेगावकडून कोणी आलं नाही. धाकटीचं लग्न जमल्याचं धनसिंगकडून कळलं, तेवढंच.

माघात पियुषचा फोन आला. नागोराव पाण्यावर होता. मैनाबाई ओट्यावर एकटीच होती.

"आई, डोहाळजेवणाची तारीख काढली. तू केव्हा येतेस? तिकीट काढून ठेवतो."

"मले जमत नाई यंदा."

"म्हणजे? तूच तर मागे लागली होतीस ना, ओटी मीच भरणार म्हणून?"

"घरात गमी झाली, बेटा."

पियुष घाबरला. "कोण गेलं? बाबा ठीक आहेत ना?"

"ते पान्यावर हायेत. तुयी बहीन गेली."

तिकडून गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. "आई, मला बहीण कुठे आहे?"

सांगायला हवं होतं. सगळं, पहिल्यापासून. पण फोनवर ते कोणत्या टोकाकडून धरायचं, हे तिला कळेना. "होती," ती म्हणाली. "घरी आला का सांगीन."

पियुषनं मग जास्त विचारलं नाही. आवाजावरून त्याला वाटलं असावं की आई थकली आहे, बाबा बोलत नाहीत, एकटेपणानं असं होतं. "बरं," तो म्हणाला, "मग ओटी उर्वशीची आईच भरेल."

"भरू दे. लुगडं घेतलं का तिले?"

"हो. हिरवं घेतलं."

"जरीचं?"

"बारीक काठ आहे, आई."

"चांगलं केलं," मैनाबाई म्हणाली. अजून काही विचारायचं होतं, पण सुतकातल्या तोंडानं सुनेचं नाव घ्यायचीही आता तिला भीती वाटायला लागली होती. तिनं फोन खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली.